खामगावचा कापूस आणि पावसाचा हिशेब

स्वेन बेकर्ट या इतिहासकारांचे ‘एम्पायर ऑफ कॉटन’ हे इंग्रजी पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले. कापसाच्या जागतिक व्यापाराच्या या इतिहासात वऱ्हाडाला आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील खामगावला स्थान मिळाले आहे. तेवढ्यासाठीही शिक्षकांनी ते वाचावे. मात्र त्यातील एक उणीव आम्हांला मांडावीशी वाटते.

पुस्तकाचे बळ साखळी दाखवण्यात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि खरेदीदारांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला. येथील गाठी मुंबईमार्गे युरोपात जाऊ लागल्या. सरकार, रेल्वे, कर्ज आणि व्यापारी यांची गुंफण लेखकाने उत्तम उलगडली आहे.

पाऊस मात्र या कथेत पडद्यामागेच राहतो. दुष्काळांची दखल लेखक घेतो. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांमागे एल निनोही होता, हा धागा पुढे नेत नाही. आज तो धागा सोडून चालणार नाही. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि मधल्या उघडिपीत जमीन लवकर सुकते. बुलडाण्यातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. पेरणीनंतर खंड पडला तर दुबार पेरणी, फुलोऱ्यात ताण पडला तर पातेगळ, आणि बोंडे फुटल्यावर पाऊस आला तर कापूस काळवंडून भाव कमी.

पीक कमी आले की भाव चढून भरपाई होते, असे आपण वर्गात सांगतो. २०२२ साल काय सांगते? टेक्ससमध्ये दुष्काळाने पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र सोडून द्यावे लागले. सिंधमध्ये पुराने पीक बुडाले. तरीही कपड्यांची मागणी मंदावल्याने न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातील दर मे ते ऑक्टोबर या काळात जवळपास निम्म्यावर आला.

म्हणजे साखळीतील सर्वांना हवामानाचा फटका सारखा बसत नाही. एका देशातील पीक गेले तर कापड-कंपनी दुसऱ्या देशातून माल घेते, किंवा पॉलिएस्टरकडे वळते. नांदुऱ्याच्या शेतकऱ्याला आपले शेत उचलून दुसरीकडे नेता येत नाही. भांडवल जागा बदलू शकते, हे बेकर्ट यांनीच दाखवून दिले आहे. त्याच सूत्राने हवामानाचा भार कोणावर पडतो हे सांगता आले असते. ते पाऊल पुस्तक टाकत नाही.

ते वर्गात टाकता येईल. गेल्या दहा वर्षांतील तालुक्याच्या पावसाच्या नोंदी आणि बाजार समितीतील कापसाचे भाव विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी मांडायला सांगावेत. पाऊस आणि भाव यांचा मेळ कोठे बसतो, कोठे बसत नाही आणि का, हा प्रश्न भूगोल, इतिहास व गणित यांना एकत्र आणतो.