माधवरावांचा अकालमृत्यू आणि इतिहासातील संकेतार्थ

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वयाच्या २८ व्या वर्षी क्षयाने निवर्तले. हा मृत्यू मराठी राज्यास पानिपतापेक्षा कमी घातक ठरला नाही, असा अभिप्राय ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात नोंदविला. मराठीत मात्र त्याहून पुढचे विधान रूढ झाले आहे : ‘माधवराव जगले असते, तर इंग्रजांचे राज्य आले नसते.’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्यात हानीचे मोजमाप आहे. दुसऱ्यात न घडलेला इतिहास सांगितला आहे.

संकेतार्थी वाक्यात क्रियापदाचे रूप दोन्ही अंगांत सारखेच असते. माधवराव जगले नाहीत, हे निर्विवाद आहे. त्या निश्चितीची छाया दुसऱ्या अंगावर पडते आणि जे सिद्ध करावयाचे, ते सिद्धच असल्याचा भास होतो. शिवाय ‘जगणे’ हा शब्द येथे संदिग्ध आहे. अखेरच्या काळात दुखण्याने जर्जर झालेले माधवराव आणखी काही वर्षे जगणे वेगळे आणि निरोगी माधवरावांनी राज्य करणे वेगळे. रूढ विधान पहिल्याचे नाव घेऊन दुसरे गृहीत धरते.

विधान संकुचित केले, तर मात्र ते टिकते. धोडप येथे १७६८ मध्ये पराभूत झालेल्या रघुनाथरावांना माधवरावांनी शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते. ही जरब उरली असती, तर ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणरावांचा खून, मार्च १७७५ चा सुरतेचा तह आणि त्यातून उद्भवलेले युद्ध ही मालिका त्या स्वरूपात घडणे कठीण होते. याउलट, बंगालची दिवाणी कंपनीस १७६५ मध्येच मिळाली होती आणि साष्टी-वसईवर मुंबईकर इंग्रजांची दृष्टी माधवरावांच्या हयातीतच होती. त्यांच्या पश्चात मराठी फौजांनी जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना वडगाव येथे, म्हणजे आजच्या चाकण-महाळुंगे पट्ट्याच्या पश्चिमेस, शरण आणले, हेही विसरता येत नाही. राज्य १७७२ मध्ये संपले नव्हते.

इंग्लंडचा पाचवा हेन्री १४२२ मध्ये ३५ व्या वर्षी वारला, तेव्हा वारस वर्षाच्या आतला होता. त्याचा चुलता ग्लॉस्टरचा हंफ्री याने कारभारावर हक्क सांगितला. परंतु सरदारांनी व पार्लमेंटने त्यास मर्यादित अधिकारांचे संरक्षकपद देऊन आवर घातला. पुण्यात चुलत्यास आवरण्याचे काम बारभाईंनी केले, परंतु खून होऊन गेल्यावर.

रूढ विधानातील खरा दोष येथे आहे. भाऊबंदकीस पायबंद घालणारी व्यवस्था एका पुरुषाच्या प्रकृतीवर का अवलंबून राहिली, हा प्रश्न ते विचारू देत नाही. क्षयास दोष देणे सोपे असते; कारण रोगाकडून उत्तर मागता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ‘असते तर’ यापाशी न थांबता, ‘नव्हते ते का नव्हते’ याचा शोध घेतला पाहिजे.