‘पँडेमोनियम’ : बीटा-क्षयाच्या आराखड्यांवरील एक आक्षेप

स्थिरतेच्या पट्ट्यापासून दूर असलेल्या न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रांच्या अंतर्रचनेची पहिली वार्ता पुष्कळदा बीटा-क्षयाच्या द्वारेच हाती येते. मातृकेंद्रातील एका न्यूट्रॉनाचे प्रोटॉनात परिवर्तन होते, कन्याकेंद्र बहुधा उत्तेजित अवस्थेत जन्मास येते, आणि गॅमा-किरण उत्सर्जित करीत ते तळपातळीस उतरते. या किरणांच्या मोजमापावरून संशोधक क्षयाचा आराखडा रचतो. अशा आराखड्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न हार्डी, कराझ, यॉन्सन व हान्सेन यांनी १९७७ साली ‘फिजिक्स लेटर्स’मधील एका लहानशा निबंधात उपस्थित केला. त्या निबंधाचे मोल व मर्यादा यांचा येथे विचार करावयाचा आहे.

लेखकांची युक्ती मार्मिक आहे. त्यांनी एक काल्पनिक अणुकेंद्र गणकयंत्रावर घडविले आणि मिल्टनच्या महाकाव्यातील सैतानाच्या राजधानीवरून त्यास ‘पँडेमोनियम’ हे नाव दिले. सांख्यिकीय नियमांनी त्याचा क्षय ठरवून, जर्मेनियम शोधकात उमटेल तसा वर्णपट त्यांनी रचला व रूढ पद्धतीने त्याचे विश्लेषण केले. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे येथे परीक्षा झाली ती पद्धतीची. आणि पद्धत तीत उतरली नाही. गॅमा-तीव्रतेचा लक्षणीय अंश विश्लेषणातून निसटला.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. क्षयऊर्जा मोठी असली म्हणजे कन्याकेंद्राच्या वरच्या, दाटीवाटीच्या पातळ्यांपर्यंत क्षय पोहोचतो. तेथे तो असंख्य पातळ्यांत विभागला जातो, आणि त्यांतून निघणारे किरण एकेकटे क्षीण व बहुधा उच्च ऊर्जेचे असतात. ऊर्जा वाढते तशी जर्मेनियम शोधकाची कार्यक्षमता घटते. सबब ते दिसतच नाहीत. खरा अनर्थ यापुढे घडतो. एखाद्या पातळीतून बाहेर जाणाऱ्या तीव्रतेतून वरून येणारी तीव्रता वजा केली की उरेल तो सरळ बीटा-क्षयाचा वाटा, असा हिशेब असतो. वरून येणारे किरण न दिसल्यास त्यांचे श्रेय खालच्या पातळीच्या पदरी पडते. जे दिसले नाही ते नाहीच, असे मानण्याचा हा तर्कदोष होय.

तथापि या आक्षेपाची व्याप्ती नीट आखली पाहिजे. सोडियम-३२ च्या क्षयाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅग्नेशियम-३२ ची पहिली उत्तेजित पातळी अवघ्या ८८५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आढळली. मॅग्नेशियम-३० मध्ये तीच पातळी १४८२ वर आहे. वीस न्यूट्रॉनांचे कवच पूर्ण भरलेले असते तर ती खाली नव्हे, वर सरकावयास हवी होती. येथील निष्कर्ष पातळीच्या स्थानावर उभा आहे, क्षयाच्या वाट्यावर नव्हे. त्यास पँडेमोनियमची बाधा पोहोचत नाही. परंतु परिवलन, समता किंवा बीटा-सामर्थ्याची वाटणी जेव्हा क्षयाच्या वाट्यावरून ठरविली जाते, तेव्हा पायाच डळमळीत असण्याचा संभव राहतो.

निबंधाची उणीवही येथेच आहे. काल्पनिक केंद्रावरून भय सिद्ध होते. अमुक एका वास्तव केंद्रात चूक किती, हे सिद्ध होत नाही. ते मोजमापानेच कळते. त्यासाठी उगमस्थानास जवळजवळ चोहोंकडून वेढणाऱ्या मोठ्या स्फटिकांत संपूर्ण किरणमालिकेची ऊर्जा एकत्र टिपणारी पूर्ण-शोषण पद्धती उपयोगात येते. फिनलंडमधील युव्हास्क्युला येथे या पद्धतीने टेक्नेशियमचे पाच समस्थानिक, मॉलिब्डेनम-१०५ व निओबियम-१०१ यांचा क्षय मोजला गेला व त्याचे फलित २०१० साली प्रसिद्ध झाले. प्लुटोनियम-२३९ च्या विखंडनानंतर ४ ते ३००० सेकंदांच्या अवधीत गॅमा-उष्णतेच्या गणितात दीर्घकाळ आढळणारी तफावत त्यामुळे बऱ्याच अंशी मिटली.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. अणुभट्टी बंद केल्याक्षणी तिच्या पूर्वीच्या औष्णिक शक्तीच्या सुमारे सहा ते सात टक्के उष्णता विखंडनजन्य केंद्रांच्या क्षयातून निर्माण होत असते. तिचा निचरा न झाल्यास काय ओढवते, हे २०११ साली फुकुशिमा येथे जगाने पाहिले. त्या उष्णतेचे गणित याच आराखड्यांवर बेतलेले असते.

पूर्ण-शोषण पद्धतीही निर्दोष नाही. तीत जवळजवळच्या पातळ्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, पातळ्यांमधील उतरणीविषयी काही गृहीतके धरावी लागतात, आणि विलंबित न्यूट्रॉन मोजमापात भेसळ करतात. यास्तव दोन्ही पद्धतींनी परस्परांस पूरक व्हावे, हेच इष्ट. तोवर एवढी शिस्त तरी पाळली जावी : मोठ्या क्षयऊर्जेच्या केंद्राचा आराखडा केवळ जर्मेनियम शोधकावर आधारलेला असेल, तर खालच्या पातळ्यांचे क्षयवाटे निश्चित मूल्ये म्हणून न देता कमाल मर्यादा म्हणूनच द्यावेत. १९७७ च्या त्या चिमुकल्या निबंधाचे ऋण याहून कमी दामात फिटणारे नाही.