अंगण वरच्या मजल्यावर

वेम्बलीच्या ईलिंग रोडवर २०१० साली उघडलेलं सनातन हिंदू मंदिर तुम्ही पाहिलं असेल. भारतात कोरलेला दगड इथे आणून जोडला. दुरूनच ओळख पटते. पण इमारतीने मायदेश जपायचा तो एवढ्याच रीतीने का? चार्ल्स कोरियांच्या दोन विज्ञानवास्तू शेजारी ठेवून पाहा.

पहिली पुणे विद्यापीठाच्या आवारातली 'आयुका'. १९८८मध्ये जयंत नारळीकरांनी स्थापन केलेल्या या संस्थेच्या भिंतींत खाली बेसॉल्ट, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि माथ्याला चकचकीत काळा ग्रॅनाइट आहे. नजर वर जाते तशी भिंत आकाशात विरते. मधोमध कुंडासारखा चौक आणि त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. मला पुतळे जास्तीचे वाटतात. चौक न बोलता जे सांगतो, तेच ते मोठ्याने सांगतात. चौकाचं खरं काम साधं आहे: खोलीतून खोलीत जाताना माणूस माणसाला भेटतो.

दुसरी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, एमआयटीची २००५ची मेंदूविज्ञानाची इमारत. गुडी क्लॅन्सी या बॉस्टनच्या कंपनीबरोबर केलेली. जागेतून मालगाडीचा रूळ जात होता, म्हणून इमारत त्याच्यावरूनच बांधली. बाहेर फिकट चुनखडीचा दगड. जाळी नाही, छत्री नाही, 'भारतीय' म्हणून बोट दाखवावं असं काहीच नाही. आत मात्र तीन संस्थांच्या मधोमध काचेखालचं उंच अंगण. तिथल्या थंडीत उघडा चौक हिवाळाभर ओस पडला असता. आकार मागे राहिला, सवय सोबत आली. हे मला आयुकाहूनही अवघड काम वाटतं.

उणीवही तिथेच आहे. रूळ खाली, म्हणून अंगण वरच्या मजल्यावर गेलं. आतल्या शास्त्रज्ञांना ते मिळालं. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अंगण उंबऱ्याशी असावं, जिना चढून गाठायचं नसावं.

कोरियांनी आपली रेखाटनं लंडनच्या ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेला दिली. २०१३मध्ये पोर्टलंड प्लेसला त्यांचं प्रदर्शनही भरलं होतं. वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइनने सरळ जाता येईल असं हे ठिकाण. तेव्हा आपल्या मंडळाच्या सभागृहाचा आराखडा कधी समोर आला, तर कमान कशी हे नंतर विचारा. चौक कुठे आहे आणि शेजारचा गोरा वाटसरू त्यात सहज शिरेल का, हे आधी विचारा.