खरी मंडळी कोणाची?

मी दहावीत असताना माझ्या आजीची धाकटी बहीण वारली. नगर जिल्ह्यातले (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) आमचे गाव लहान आहे. तरी आमच्या वस्तीत दोन चर्च आणि एक विहार आहे. आजी प्रॉटेस्टंट. तिची बहीण लग्नानंतर कॅथलिक झालेली. आजीच्या भावांची घरे १९५६ नंतर बौद्ध झालेली. भावकी मात्र एकच. ही बहीण उतारवयात आजीच्या चर्चमध्ये येऊन बसे, प्रभुभोजनही घेई. ती गेली आणि प्रश्न उभा राहिला : ही कोणाची? एका बाजूचे पंच म्हणाले, हिचे नाव आमच्या रजिस्टरात नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, हिने मिस्सा सोडली होती. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मयत अंगणात होते. अखेर बौद्ध भाच्यांनी दोन्ही पंचांना सुनावले, तेव्हा तिला माती मिळाली. एक गोष्ट मला फार पुढे, एम. ए. ला असताना लक्षात आली. दोन्ही कबरस्ताने एकमेकांना लागून आहेत आणि दोन्ही गावकुसाबाहेर आहेत.

‘खरे चर्च कोणते’ हा वाद ख्रिस्ती जगात जुना आहे. चौथ्या शतकातल्या विश्वासांगीकाराने चर्चची चार लक्षणे सांगितली : एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय. कॅथलिकांच्या मते प्रेषितांपासून अखंड चालत आलेली बिशपांची परंपरा आणि रोमच्या पोपशी ऐक्य असेल तिथेच हे चर्च पूर्णत्वाने असते. ल्यूथरच्या अनुयायांनी १५३० च्या ऑग्सबर्ग मतपत्रात म्हटले, जिथे शुभवर्तमान शुद्ध सांगितले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात तिथे चर्च. बाप्तिस्त म्हणाले, तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा कसला? स्वतः कबूल करील त्याचाच बाप्तिस्मा खरा. युरोपात या प्रश्नांसाठी माणसांनी माणसे जाळली.

हा वाद जहाजातून आपल्याकडे आला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आले. पुढे अँग्लिकनांचे मिशन आले, जर्मन जेझुइट आले. प्रॉटेस्टंट मिशनांनी पुष्कळ ठिकाणी आपसांत मुलूख वाटून घेतले. त्यामुळे महारवाड्यातला माणूस कोणत्या पंथाचा व्हायचा हे बहुधा धर्मशास्त्राने ठरले नाही. कोणत्या साहेबाचा तंबू आधी पडला, कोणाची शाळा आधी निघाली, यावर ते ठरले. माझ्या पणजोबांनी ऑग्सबर्गचे नावही ऐकले नव्हते.

मराठी वाङ्मयात या वादाची नोंद कोणी केली? दोन मोठी नावे समोर येतात, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक. दोघांविषयी मला आदर आहे. पण आदर म्हणजे समीक्षेला सुट्टी नव्हे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, क्रुसावरची लॅटिन अक्षरे, बिशपांची आज्ञा या साऱ्यांवर ही बाई एकटी, परक्या मुलखात, उपकारकर्त्यांशी भांडते. त्यांचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे ती मी वाकवणार नाही. पुढे १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात, पाश्चात्त्य देशांतले पंथांचे कडबोळे पाहून झालेला गोंधळही त्यांनी लिहून ठेवला आहे.

टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसणार होते. परदेशी चर्चची चौकट मोडून देशी बंधुसमाज उभारण्याचा हा प्रयत्न १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिला.

हे दोन्ही विद्रोह खरे आहेत. पण विद्रोह कोठे उभे राहून केला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. रमाबाईंनी पुरोहिताला नकार दिला, कारण पुरोहित त्यांच्या घरातच होता. आमच्या घरात पुरोहिताने कधी पाऊल टाकले नव्हते. पाद्री दारात आला, चटईवर बसला, आमच्या लोट्यातले पाणी प्याला, ही आमच्या लेखी क्रांती होती. टिळकांना बाप्तिस्म्याची अट ढिली करता आली, कारण बाप्तिस्म्यावाचूनही त्यांना नाव होते, कुळ होते, कवी म्हणून प्रतिष्ठा होती. माझ्या पणजोबांचे नाव आयुष्यात पहिल्यांदा शाईने लिहिले गेले ते मिशनच्या बाप्तिस्मा रजिस्टरात. ते रजिस्टर त्यांना सोडवेना, यात अंधश्रद्धा नव्हती. आणि त्याच रजिस्टराने पुढे त्यांच्या लेकीला अंगणात ताटकळत ठेवले, हेही खरे. मुक्तीची वस्तू बेडी कशी होते, हे इथे दिसते.

आपल्या अभिजन समीक्षेने हे वाङ्मय प्रामुख्याने आध्यात्मिक प्रवास म्हणून वाचले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर आपण विनोदासाठी आणि साध्या भाषेसाठी शिकवतो. मीही अनेक वर्षे तसेच शिकवले. वास्तविक त्या पुस्तकाचा कणा म्हणजे एका बाईने सोडलेली शिवाशिव. खरी मंडळी कोणती, याचे उत्तर मला सिद्धान्ताच्या पुस्तकांपेक्षा तिथे, पाण्याच्या भांड्यापाशी, अधिक जवळ वाटते.

पंथभेद मिटवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९१९ मध्ये तरंगंबाडीला भारतीय ख्रिस्ती पुढारी जमले. ज्या फुटी आम्ही निर्माण केल्या नाहीत त्या आमच्यावर लादल्या गेल्या, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. १९४७ मध्ये दक्षिणेत आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकीकृत चर्च स्थापन झाले. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा बालकाला की प्रौढाला, यावर अनेक वर्षे वाटाघाटी झाल्या. उत्तर भारताच्या चर्चने बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य केल्या. हे काम लहान नाही. पण वाटाघाटींचे मुख्य मुद्दे पाहा : धर्माधिकार, दीक्षा, संस्कार. सर्व युरोपातून आलेले. भारतातली सर्वांत जुनी फूट मात्र त्या टेबलावर मुख्य मुद्दा म्हणून आलीच नाही.

ती टेबलावर ठेवली बाबासाहेबांनी. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर दोर्नकलचे बिशप अझारिया यांच्याशी त्यांचे बोलणे झाले, अशी आठवण सांगितली जाते. अझारिया हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप आणि चर्चऐक्याचे खंदे पुरस्कर्ते. बाबासाहेबांनी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. आम्ही ख्रिस्ती झालो तर जिथे राहू तिथे सगळे एकाच चर्चमध्ये असू काय? आणि जातीच्या भावनेपासून पूर्ण मोकळे होऊ काय? बिशपांना एकाही प्रश्नाला ‘होय’ म्हणता आले नाही आणि त्याची त्यांना अतोनात लाज वाटली, असे ही आठवण सांगते.

बाबासाहेबांनी हे दोन प्रश्न जोडून विचारले, यातच सारे आले. पंथाची फूट आणि जातीची फूट वेगळ्या नाहीत. जो समाज आधीच तुकड्यांत आहे, त्याला आणखी तुकडे परवडत नाहीत. आणि जे चर्च ‘एक’ आहे पण ज्याच्या आत जात आहे, ते एक नव्हे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींबाहेर ठेवले ते आजतागायत. कायद्याच्या लेखी तो दलित नाही, आणि चर्चमधला सवर्ण ते विसरत नाही.

हे वाचून आपल्यातल्या कोणी हसू नये. आपल्या चळवळीत रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले? प्रत्येक तुकडा स्वतःला खरा म्हणवतो आणि बाबासाहेबांचा फोटो लावतो. खरा वारस कोण, हा आपलाही ‘प्रेषितीय परंपरे’चा वाद आहे. त्या दिवशी बौद्ध भाचे पुढे झाले, त्याचा मला अभिमान वाटतो. पण विहारातही गटातटावरून मयत अडणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही.

म्हणून खऱ्या मंडळीची कसोटी मला बिशपांच्या यादीत शोधावीशी वाटत नाही. ती मतपत्रातही नाही. ज्याचे नाव कोणत्याच रजिस्टरात नाही, त्याच्या मयताला कोण खांदा देतो आणि माती कोणत्या जमिनीत मिळते, एवढे पाहावे. आमच्या आजीला यातले काही लिहिता येत नव्हते. बहिणीच्या मातीहून परतताना ती एवढेच म्हणाली, “देव दोन असते तर एकानं तरी लवकर नेलं असतं हिला आत.”