आपण की आम्ही? कंपन्यांच्या मूल्यपत्रांचं एक वाचन

आजचा विषय व्यवस्थापनाचा वाटेल, पण आम्ही त्याच्याकडे समीक्षेच्या बाजूने येणार आहोत. कंपनी उभी करायची असेल तर माणसं एका ध्येयाभोवती आणि समान मूल्यांभोवती गोळा करा, हा सल्ला आज प्रत्येक नव्या उद्योजकाला मिळतो. या सल्ल्यातून एक लेखनप्रकारच तयार झाला आहे. मिशन, व्हिजन, व्हॅल्यूज. रिसेप्शनच्या भिंतीवर तो असतो, वेबसाइटवर असतो, नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळणाऱ्या फोल्डरमध्येही असतो. त्याला आज आपण सोयीसाठी ‘मूल्यपत्र’ म्हणू. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, पण लाखो लोकांच्या नोकरीवर ज्याचा परिणाम होतो त्या या गद्याची फारशी होत नाही. ती करून बघू.

सुरुवात व्याकरणापासून करू. मूल्यपत्रातली जवळजवळ सगळी वाक्यं इंग्रजी ‘वुई’ने सुरू होतात. आम्ही प्रामाणिक आहोत, आम्ही ग्राहकाला जपतो, वगैरे. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत आणायला गेलात की पहिल्याच शब्दाला अडतं, कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. आता सांगा, कंपनीच्या मूल्यपत्रात कोणता शब्द घालायचा? ‘आम्ही’ घातला तर ते मालकांनी, संचालकांनी दिलेलं वचन होतं. ‘आपण’ घातला तर ते सगळ्यांचं मिळून होतं.

आणि ‘आपण’मध्ये आणखी एक गंमत आहे. तो आदरार्थी ‘तुम्ही’सुद्धा आहे. साहेब संध्याकाळी सहाला टेबलापाशी येऊन म्हणतात, “हे आपण उद्या सकाळपर्यंत करून टाकू.” त्यात साहेब नसतात, हे सगळ्यांना कळतं. आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं: बहुतेक मूल्यपत्रं या तिसऱ्या ‘आपण’मध्ये लिहिलेली असतात. वाचताना वाटतं सगळ्यांचं आहे, लागू होतं फक्त खालच्याला. आणि जे मूल्य खालचा माणूस वरच्यासमोर धरू शकत नाही, त्याला मूल्य म्हणायचं कशाला? ती नोकरीची अट झाली.

आता काही खरी मूल्यपत्रं घेऊ.

पहिलं एन्रॉनचं. हे नाव महाराष्ट्राला नवं नाही, गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीज प्रकल्प याच कंपनीचा. एन्रॉनची चार मूल्यं होती: संवाद, आदर, सचोटी आणि उत्कृष्टता. जुलै २०००मध्ये कर्मचाऱ्यांना आचारसंहितेची ६४ पानी पुस्तिका दिली गेली, तिला अध्यक्ष केनेथ ले यांची प्रस्तावना होती. डिसेंबर २००१मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. चारही मूल्यं भिंतीवर आणि आत हिशेबांची लबाडी, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. त्यावर लोक म्हणतात, ‘मूल्यं चांगली होती, माणसं वाईट निघाली.’ आम्हाला हे वाचन आळशी वाटतं. मजकूरच बघा. ही सगळी भाववाचक नामं आहेत. सचोटी कोणाशी? संवाद कोणी कोणाशी करायचा? सांगितलेलंच नाही. मूल्य कधी मोडलं असं म्हणायचं, तेही नाही.

आणि मोडायची वेळ आली तेव्हा काय झालं? १९९९मध्ये कंपनीचे वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टाव यांना एन्रॉनशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था स्वतः चालवायच्या होत्या. आचारसंहितेत ते बसत नव्हतं. संचालक मंडळाने त्यांच्यापुरती आचारसंहिता बाजूला ठेवली, आणि तीही ठराव करून! म्हणजे नियम मोडला असंही म्हणता येत नाही, तो रीतसर उचलून ठेवला. उलट बाजूला शेरॉन वॉटकिन्स. त्यांनी ऑगस्ट २००१मध्ये अध्यक्षांना पत्र लिहून हिशेबातल्या धोक्याची सूचना दिली. संवाद आणि सचोटी, दोन्ही मूल्यं त्यांनी शब्दशः पाळली. त्यानंतर त्यांना कामावरून काढलं तर कायद्याने काय अडचण येईल, याबद्दल कंपनीकडे वकिलांचं मत पोहोचलं. एकाच मजकुरापुढे दोन माणसं उभी आहेत, एकासाठी तो वाकतो आणि दुसरीला तो उपयोगी पडत नाही. शेवटी किंमत कोणी मोजली? हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, आणि ज्यांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती त्यांची तीही गेली.

दुसरा मजकूर नेटफ्लिक्सचा. रीड हेस्टिंग्ज यांनी २००९मध्ये कंपनीच्या संस्कृतीवरचं शंभराहून जास्त स्लाइड्सचं सादरीकरण जाहीर केलं. पॅटी मॅककॉर्ड यांचा त्यात मोठा वाटा होता. त्याची सुरुवातच एन्रॉनच्या चार शब्दांनी होते. मुद्दा असा की छान शब्द सोडा, कोणाला बढती मिळते, कोणाला बक्षीस मिळतं आणि कोणाला घरी पाठवलं जातं ते बघा, कंपनीची खरी मूल्यं तिथे दिसतात. समीक्षक म्हणून आम्ही या वाक्याला पूर्ण गुण देतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या लेखनप्रकारात इतकं स्वच्छ काही क्वचितच लिहिलं गेलं.

पण पुढे वाचा. आपण कुटुंब नाही, खेळाडूंचा संघ आहोत, असं ते सांगतं. ज्याचं काम नुसतं ठीक आहे, त्याला चांगली रक्कम देऊन निरोप द्यावा. व्यवस्थापकाने स्वतःला विचारावं, हा माणूस सोडून चालला तर त्याला थांबवायला मी धडपडेन का? इथे प्रामाणिकपणा आहे, हे मान्य. ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणणाऱ्या आणि मंदीत ईमेलवर निरोप देणाऱ्या कंपन्यांपेक्षा हे बरं. तरी प्रश्न राहतो: ही परीक्षा घेतो कोण आणि देतो कोण? प्रश्न व्यवस्थापकाच्या हातात आहे. कर्मचाऱ्याने तोच प्रश्न व्यवस्थापकाबद्दल विचारला, तर त्याचं उत्तर एकच, राजीनामा. मूल्यं वागण्यात दिसतात हे नेटफ्लिक्सने ओळखलं, पण बघायचं वागणं खालच्यांचं.

तिसरा मजकूर वेगळ्या घडणीचा आहे. जॉन्सन अँड जॉन्सनचा ‘क्रेडो’, म्हणजे श्रद्धापत्र, रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३मध्ये लिहिला. कंपनीचे शेअर बाजारात यायच्या आधी. यात भाववाचक नामांची माळ नाही, देणेकऱ्याची यादी आहे. आमची पहिली जबाबदारी डॉक्टर, नर्स, रुग्ण आणि मातांशी. मग कर्मचाऱ्यांशी. मग समाजाशी. भागधारक सगळ्यांत शेवटी. मराठीत आणताना इथे ‘आम्ही’च घालावं लागेल, कारण हे दुसऱ्याला दिलेलं वचन आहे. १९८२मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं दगावली. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. यादीचा क्रम आधीच लिहिलेला होता, त्यामुळे पहिलं कोण आणि शेवटचं कोण यावर घोळ घालावा लागला नाही, असं आजवर सांगितलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे.

मात्र व्यवस्थापनाची पुस्तकं इथेच गोष्ट संपवतात. गोष्ट पुढे आहे. याच कंपनीची बेबी पावडर आपल्यापैकी कित्येकांच्या घरात होती. तिच्यातल्या टाल्कमुळे कर्करोग झाला असा आरोप करत अमेरिकेत हजारो दावे उभे राहिले. कंपनीने आरोप सतत नाकारले, पण २०२०मध्ये अमेरिका आणि कॅनडात, आणि २०२३मध्ये जगभर टाल्कची बेबी पावडर विकणं थांबवलं. कोण बरोबर, हा निवाडा आम्ही करत नाही. आमचा मुद्दा मजकुराचा आहे. यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या मातेला आपलं म्हणणं मांडायला जागा कुठे मिळाली? कोर्टात. म्हणजे देणं कोणाचं हे क्रेडो सांगतो, वसूल कसं करायचं ते सांगत नाही.

वसुलीचा प्रयत्न बघायचा तर गूगलकडे जाऊ. ‘वाईट वागू नका’ हे त्यांचं जुनं ब्रीद. मूल्यपत्रातलं बहुधा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत धारदार वाक्य, कारण ते नकारात आहे. ‘उत्कृष्ट व्हा’ कधी मोडलं हे कळत नाही, ‘वाईट वागू नका’ मोडलं की निदान वाद तरी घालता येतो. २०१८मध्ये तो घातला गेला. ड्रोनने टिपलेली दृश्यं तपासण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याला गूगल तंत्रज्ञान देत होतं. त्याविरुद्ध हजारो कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या आणि पत्रात हेच ब्रीद कंपनीला दाखवलं. जूनमध्ये कंपनीने तो करार पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं, आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही असं लिहूनही दिलं. घोषवाक्याचं मूल्य झालेला क्षण कोणता, असं विचारलंत तर आम्ही हा दाखवू.

पण तोही टिकला नाही. एप्रिल २०२४मध्ये इस्रायल सरकारबरोबरच्या क्लाउड कराराविरुद्ध कार्यालयात ठाण मांडणाऱ्यांपैकी आधी २८ आणि नंतर आणखी काही जणांना काढलं. कंपनीचं म्हणणं, त्यांनी कामात अडथळा आणला. फेब्रुवारी २०२५मध्ये शस्त्रांबद्दलचं ते वचन तत्त्वांच्या यादीतून गेलं. ज्याने लिहिलं त्यानेच पुसलं, कारण खडू त्याच्याच हातात होता.

मग खडू सगळ्यांच्या हातात देता येतो का? त्यासाठी गिरगावात यावं लागेल. १५ मार्च १९५९ला लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. तीच आजची लिज्जत. तिथे मूल्यं नियमात आहेत. काम करणारी प्रत्येक बहीण सदस्य, म्हणजे मालकही. शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड आणून द्यायचे, लाटणावळ घ्यायची. नफ्यात वाटा सगळ्यांना. निर्णय सर्वांच्या संमतीने, एकीचा विरोध असला तरी थांबायचं, ही रीत. पुरुष पगारी नोकर असू शकतात, सदस्य नाही. सुरुवातीला स्वस्तातला हलका पापड काढायचा विचार झाला, तेव्हा मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी एकच दर्जा ठेवा असा आग्रह धरला. दर्जा हे मूल्य आहे असं तिथे वेगळं लिहावं लागत नाही, कारण पापड परत आला तर तो सगळ्यांच्याच वाट्यातून जातो. हा ‘आपण’ खरा, पहिल्या अर्थाचा.

आम्ही लिज्जतचं देवघर करणार नाही. ही संस्था म्हणून नोंदलेली आहे, गुंतवणूकदारांचा पैसा घेतलेली कंपनी नाही. काम अंगमेहनतीचं आणि मोबदला लाटलेल्या वजनावर. सदस्य हजारोंच्या संख्येत गेल्यावर एकीचा विरोध खरोखर किती पोचतो, हा प्रश्नही विचारायलाच हवा. पण हा प्रश्न तिथे विचारता येतो, हेच महत्त्वाचं. एन्रॉनमध्ये तो विचारायला जागाच नव्हती.

आता तुमच्यातले जे पुण्यात, नाशकात, ठाण्यात किंवा परदेशात दहा-बारा जणांची कंपनी चालवताय, त्यांच्यासाठी. हे मूल्यपत्र भरतीच्या टेबलावर पोचतं, तेव्हा त्याचं नाव ‘कल्चर फिट’ होतं. उमेदवार हुशार आहे, पण ‘आपल्यात बसत नाही’. आपल्या समाजात हे वाक्य किती जुनं आहे, हे वेगळं सांगायला नको. आडनाव, इंग्रजीचा लहेजा, कॉलेज, डब्यातलं जेवण, यातलं काहीही ‘मूल्यं जुळत नाहीत’ या वाक्यामागे लपू शकतं, आणि नाकारलेल्याला ते कधीच कळत नाही. मूल्यं धूसर असली की ती अशीच कामाला येतात. म्हणून हा शब्दांचा खेळ नाही. कोणाला तरी दारातून परत पाठवलं जातं.

तेव्हा एक काम करा. तुमचं मूल्यपत्र मराठीत लिहून बघा. प्रत्येक वाक्यात ‘आपण’ की ‘आम्ही’ ते ठरवा. ‘आम्ही’ असेल तर पुढे लिहा: हे देणं कोणाचं, ते बुडालं असं कधी म्हणायचं, आणि ज्याचं बुडालं त्याने कोणाकडे जायचं. ‘आपण’ असेल तर बघा, ते संस्थापकाला लागू करून दाखवता येतं का? सगळ्यांत नवा, सगळ्यांत कमी पगाराचा माणूस ते वाक्य मीटिंगमध्ये तुमच्यासमोर वाचून ‘हे इथे पाळलं गेलं नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची तिथे असेल का? असेल, तर ते वाक्य ठेवा. नसेल, तर खोडून टाका. पाच सुंदर शब्दांपेक्षा कोणीही उलटून विचारू शकेल असं एक वाक्य पुरतं.

आणि आज तासभर आम्हीही ‘आम्ही’ ‘आम्ही’ करत आलो. त्याचीही झडती घ्या. प्रश्न पाठवा, आक्षेप असतील तर ते आधी पाठवा.