टोनेगावांचा शोधनिबंध वाचताना

१९८७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमू टोनेगावा यांना एकट्यांना मिळाले. त्यांच्याविषयी लिहिताना गोष्ट बहुधा एका वाक्यात संपवली जाते : शरीर असंख्य प्रकारची प्रतिपिंडे कशी तयार करते, हे कोडे त्यांनी सोडवले. वाक्य खरे आहे; पण शिक्षकाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. पुरावा कोणता होता आणि तो कितपत पक्का होता, हे समजण्यासाठी त्यांनी नोबुमिची होझुमी यांच्यासह लिहिलेला १९७६ सालचा शोधनिबंधच वाचायला हवा.

टोनेगावा मूळचे प्रतिकारशास्त्रज्ञ नव्हेत. क्योटोत रसायनशास्त्र शिकून त्यांनी अमेरिकेत १९६८ मध्ये रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. मिळवली. अमेरिकेतील व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा रेनातो डुल्बेको यांच्या सूचनेवरून ते १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्रतिकारशास्त्र संस्थेत गेले. त्या क्षेत्रात एक जुना वाद चालू होता. प्रत्येक प्रतिपिंडासाठी वेगळे जनुक आईवडिलांकडून येते, की थोड्याच जनुकांत जन्मभर फेरफार होत राहतात? प्रतिपिंडाच्या प्रत्येक साखळीत एक बदलता भाग असतो आणि एक स्थिर भाग. या दोन भागांची जनुके वेगवेगळी असून ती पुढे जोडली जात असावीत, असे ड्रायर आणि बेनेट यांनी १९६५ मध्येच सुचवले होते. म्हणजे कल्पना आधीच मांडलेली होती. उणीव होती ती थेट पुराव्याची. डी.एन.ए. ठरावीक जागीच कापणारी विकरे नुकतीच हाती आली होती आणि ती वापरण्याची दृष्टी टोनेगावांनी आपल्या मूळ विषयातून आणली.

प्रयोग असा. उंदराच्या गर्भाचा डी.एन.ए. आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवणाऱ्या अर्बुदातील पेशींचा डी.एन.ए. एकाच विकराने कापला. तुकडे जेलमध्ये आकारानुसार वेगळे केले. मग प्रतिपिंडाच्या साखळीचा किरणोत्सारी संदेशवाहक आर.एन.ए. कोणत्या तुकड्यांना चिकटतो ते पाहिले. एकदा पूर्ण आर.एन.ए. वापरला, एकदा फक्त स्थिर भागाचा अर्धा. गर्भात दोन तुकडे सापडले : सुमारे ६० लाख रेणुभाराचा स्थिर भागाचा आणि ३९ लाखांचा बदलत्या भागाचा. अर्बुदात मात्र दोन्ही भाग सुमारे २४ लाखांच्या एकाच जागी मिळाले.

या मांडणीतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. बदलत्या भागासाठी स्वतंत्र आर.एन.ए. नव्हताच. ‘पूर्ण’मधून ‘स्थिर’ वजा करून त्याची जागा ठरवली. विद्यार्थ्यांना येथे शंका घेऊ द्यावी. अर्बुदात कापण्याच्या जागाच बदलल्या असतील तर? तसे असते तर दोन्ही तुकडे निरनिराळ्या आकारांचे होण्याचीच शक्यता अधिक. दोघांचाही आकार नेमका सारखा यावा, हा मोठाच योगायोग ठरला असता. पुरावा भक्कम आहे, पण तो अनुमानाचा आहे.

निबंधात पुढे न टिकलेली दोन विधानेही आहेत. जोडल्यावर दोन्ही जनुके सलग होतात, असे लेखकांनी म्हटले. परंतु क्रिस्टीन ब्रॅक आणि टोनेगावा यांनीच १९७७ मध्ये, दुसऱ्या प्रकारच्या साखळीच्या जनुकात, दोहोंमध्ये १,२५० अक्षरांचे अंतर असल्याचे दाखवले. दुसरे, ही जोडणी जोडीच्या दोन्ही गुणसूत्रांवर होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे अनेक पेशींत एका गुणसूत्रावरील जनुके गर्भातल्यासारखीच राहिलेली आढळली.

मग हा निबंध मोठा का? कारण त्याचा गाभा टिकला : शरीर वाढताना काही पेशी आपल्या डी.एन.ए.ची मांडणीच बदलतात. शरीरातील प्रत्येक पेशीत तोच डी.एन.ए. असतो, हे आपण फळ्यावर लिहितो. त्या नियमाला हा ठळक अपवाद आहे आणि आपली रोगप्रतिकारशक्ती त्या अपवादावर उभी आहे.

एका नावाचे पारितोषिक गोष्ट सोपी करते, पण अपुरी ठेवते. त्यात ड्रायर आणि बेनेट दिसत नाहीत, होझुमी आणि ब्रॅक दिसत नाहीत, आणि न टिकलेली ती दोन विधानेही दिसत नाहीत. आपल्या वर्गातील मुलांना ‘शास्त्रज्ञ चुकत नाहीत’ असे वाटत असेल, तर त्यांच्यातला जो चुकायला घाबरतो, तो या वाटेला जाणारच नाही. त्याच्यासाठी १९७६ आणि १९७७ चे हे दोन निबंध शेजारी ठेवून शिकवावेत. एकाच माणसाने मोठा शोध लावला आणि वर्षभरात त्यातील एक विधान स्वतःच दुरुस्त केले, हे त्याला दिसू द्यावे.