रमाबाईंची अमेरिका

...तर मंडळी, चाकणच्या कंपन्यांमधून सहा-सहा महिने जर्मनीला राहून आलेले इथं बरेच जण असतील. परत आल्यावर आपण काय सांगतो? रस्ते, शिस्त, स्वच्छता. पंडिता रमाबाईही भारावल्या होत्याच. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, अडीच वर्षांहून अधिक राहिल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक काढलं. तिथल्या बायकांच्या शाळा, संस्था यांचं केवढं कौतुक आहे त्यात! पण टोपीवर पक्ष्यांची पिसं मिरवणाऱ्या बायकांना त्या सोडत नाहीत. या फॅशनविरुद्ध मॅसॅच्युसेट्सची ऑड्युबन सोसायटी उभी राहिली ती पुढं, १८९६ साली. मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्यायही त्या स्पष्ट मांडतात.

मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडच्या बायकांचं दुःख त्यांनी अमेरिकनांना इंग्रजीत सांगितलं, १८८७ च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’मध्ये. अमेरिकेचं दुखणं मात्र मराठीत! म्हणजे ज्यांनी ते वाचायला हवं होतं, त्यांच्या हाती ते गेलंच नाही. संपूर्ण इंग्रजी भाषांतर यायला एकविसावं शतक उजाडलं.